मिडल-अर्थचा कोश

जे. आर. आर. टोल्किन यांनी निर्माण केलेल्या मिडल-अर्थ या काल्पनिक जगाचा सुपरिचित कोश टोल्किन यांनी रचलेला नाही. तो रॉबर्ट फॉस्टर या अमेरिकी वाचकाने सिद्ध केला. 1960च्या दशकात ‘निएकास’ या चाहत्यांच्या नियतकालिकात फॉस्टर यांची शब्दसूची क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. 1971 मध्ये बाल्टिमोरच्या मिराज प्रेसने ती ‘अ गाइड टू मिडल-अर्थ’ या नावाने पुस्तकरूपात काढली. टोल्किन यांच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये ‘द सिल्मरिलियन’ प्रकाशित झाले आणि पुढच्याच वर्षी त्या ग्रंथाला सामावून घेणारी विस्तारित आवृत्ती ‘द कम्प्लीट गाइड टू मिडल-अर्थ’ या नावाने आली.

अशा कोशाची गरज मूळ कादंबरीतूनच निर्माण झाली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये तीन खंडांत निघाली. तिच्यासोबत नामसूची देण्याचे ठरले होते, पण तिसरा खंड सूचीविनाच छापावा लागला आणि प्रकाशकांनी वाचकांची क्षमा मागितली. 1960च्या दशकाच्या मध्यात निघालेल्या आवृत्त्यांमध्ये सूची आली, तरी नाव कोणत्या पानावर आहे एवढेच सूची सांगते. ती व्यक्ती कोण, कोणत्या कुळातली, कोणत्या काळातली, हे वाचकाला स्वतःच जुळवावे लागे.

टोल्किन यांच्या जगात हे जुळवणे कठीण जाते, कारण तिथे एकाच व्यक्तीला अनेक नावे असतात. गॅन्डाल्फ हा जादूगार एल्फ लोकांत मिथ्रांदिर, बुटक्यांत थार्कून, दक्षिणेत इन्कानुस आणि मूळ पश्चिमभूमीत ओलोरिन या नावाने ओळखला जातो. उलट, एकच नाव दोन जागांनाही असते. मिनास तिरिथ म्हटले की बहुतेकांना गॉन्डॉर या राज्याची राजधानी आठवते. पण तिचे जुने नाव मिनास आनोर. तिसऱ्या युगाच्या 2002 साली शत्रूने शेजारचे मिनास इथिल जिंकले, त्याला मिनास मॉर्गुल म्हणू लागले आणि मिनास आनोरचे मिनास तिरिथ झाले. याच नावाचा दुसरा बुरूज पहिल्या युगात फिनरॉड राजाने सिरियन नदीतल्या बेटावर बांधला होता. दोन्ही ठिकाणांमध्ये हजारो वर्षांचे अंतर आहे. कोशात त्यांच्या स्वतंत्र नोंदी मिळतात आणि जुन्या नावापाशी ‘पाहा’ असा निर्देश वाचकाला योग्य नोंदीकडे नेतो.

नोंदींची रचना ठरलेली आहे. आधी नाव, मग ते सिंडारिन, क्वेन्या या एल्फ भाषांतले की अन्य कोणत्या भाषेतले याचा संक्षेप, शक्य तिथे अर्थ, जन्म-मृत्यूची वर्षे, कार्याचा गोषवारा, इतर नावे आणि शेवटी मूळ ग्रंथांतले पृष्ठनिर्देश. उदाहरणार्थ, कादंबरीत शेवटी राजा होणाऱ्या अ‍ॅरागॉर्नचा जन्म तिसऱ्या युगाच्या 2931 साली आणि मृत्यू चौथ्या युगाच्या 120 साली, वयाच्या 210व्या वर्षी झाला. मूळ कादंबरीत ही माहिती निवेदन आणि परिशिष्टे यांत विखुरलेली आहे. कोशात ती एका जागी येते.

कालगणनेतही असाच गुंता आहे. हॉबिट लोकांच्या शायर या प्रदेशाची वर्षगणना तिसऱ्या युगाच्या 1601 साली सुरू होते, म्हणून शायर वर्षात 1600 मिळवले की तिसऱ्या युगाचे वर्ष निघते. कादंबरीच्या केंद्रस्थानी असलेल्या अंगठीचा नाश झाला ते शायर वर्ष 1419 म्हणजे तिसऱ्या युगाचे 3019. ‘सिल्मरिलियन’मध्ये तर बऱ्याचदा एखाद्या घटनेनंतर किती वर्षे लोटली एवढेच सांगितलेले असते. दागोर ब्रागोल्लाख ही लढाई फिंगॉल्फिन या एल्फ राजाच्या आगमनानंतर 455 वर्षांनी झाली, असा तिचा काळ दिलेला आहे. अशा अंतरांची सांगड घालून फॉस्टर यांनी पहिल्या युगाचा कालपट परिशिष्टात मांडला.

या कोशाचे खरे मोल त्याच्या शिस्तीत आहे. चाहत्याला आवडत्या जगातल्या रिकाम्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरण्याचा मोह होतो. इथे विधानांना पानांचा आधार आहे, त्यामुळे वाचक प्रत्येक गोष्ट मूळ ग्रंथात पडताळून पाहू शकतो. लेखकाचे पुत्र आणि वाङ्मयीन वारसदार ख्रिस्तोफर टोल्किन यांनी 1980च्या ‘अनफिनिश्ड टेल्स’मध्ये हा कोश आपण वारंवार वापरल्याचे नमूद करून त्याची प्रशंसा केली. वाचकाच्या श्रमाला मिळालेली याहून मोठी दाद सांगता येणार नाही.

कोशाची मर्यादा त्याच्या काळाची आहे. ‘अनफिनिश्ड टेल्स’ आणि 1983 ते 1996 दरम्यान निघालेले ‘द हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे 12 खंड त्याच्या नंतरचे आहेत. त्यांतून टोल्किन यांचे कच्चे खर्डे आणि बदलत गेलेले विचार समोर आले. भूगोलासाठीही वेगळा ग्रंथ लागतो. नकाशाकार कॅरन विन फॉनस्टॅड यांचा ‘द अ‍ॅटलास ऑफ मिडल-अर्थ’ 1981 मध्ये आला आणि 1991 मध्ये सुधारून निघाला. ‘द हॉबिट’, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि ‘द सिल्मरिलियन’ वाचताना मात्र फॉस्टर यांचा कोश आजही हाताशी ठेवावा असाच आहे.