धूम्रपान, मुखपट्टी आणि सरकारचा अखत्यार

विमानाच्या शौचालयाच्या दारावर धूम्रपानास मनाई असल्याची ठळक सूचना असते आणि तिच्या शेजारीच धातूचा लहानसा ॲशट्रे बसवलेला असतो. ज्याला मज्जाव त्याचीच सोय, असा हा विनोद वाटतो खरा, परंतु अमेरिकेच्या विमान-नियमांनी तो ॲशट्रे सक्तीचा केलेला आहे. १९७३ साली पॅरिसजवळ ब्राझीलच्या व्हारिग कंपनीच्या विमानात शौचालयातून आग भडकून १२३ माणसे प्राणास मुकली, आणि जळते थोटूक कागदांच्या पेटीत पडले असावे असा तेव्हा संशय होता. मनाई मोडणारा कोणीतरी निघणारच, हे गृहीत धरून केलेली ही तजवीज मला फार शहाणपणाची वाटते.

ही मनाई काही एका फर्मानाने आली नाही. त्याच १९७३ साली अमेरिकेच्या नागरी विमान-मंडळाने धूम्रपान न करणाऱ्यांसाठी वेगळ्या रांगा राखून ठेवण्याचा नियम केला. धुराला रांगांची हद्द ठाऊक नसल्यामुळे तिचा उपयोग किती झाला असेल ते उघडच आहे, आणि सर्वांत अधिक त्रास झाला तो त्या धुरातच नोकरी करणाऱ्या हवाई सुंदरींना. पुढे इलिनॉयचे प्रतिनिधी रिचर्ड डर्बिन, ज्यांचे वडील त्यांच्या लहानपणीच फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते, यांनी वाहतूक खात्याच्या खर्चाच्या विधेयकास दुरुस्ती सुचवली, आणि जुलै १९८७ मध्ये तंबाखूवाल्यांचा व खुद्द सभागृहातील धुरंधरांचा विरोध असताना ती १९८ विरुद्ध १९३ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाली. १९८८ पासून दोन तासांपर्यंतच्या, १९९० पासून सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत, आणि २००० च्या कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या सर्व विमानांत धूम्रपान बंद झाले. बंदीची प्रत्येक पायरी कायदेमंडळाने मते मोजून चढली असल्यामुळे, हा हुकूम कोणत्या अधिकाराने, असे आज कोणी विचारीत नाही.

करोनाच्या साथीत मुखपट्टीच्या बाबतीत मात्र नेमका हाच प्रश्न उभा राहिला. जानेवारी २०२१ च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने विमाने, आगगाड्या व बसगाड्यांत मुखपट्टी सक्तीची केली ती १९४४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातील एका कलमाच्या आधारे. त्या कलमात तपासणी, धुरी, जंतुनाश, स्वच्छता, कीटकनाश असे उपाय नावानिशी दिलेले आहेत, त्यांत मुखपट्टी नाही. आणि सरकारची सारी भिस्त 'स्वच्छता' व 'इतर उपाय' यांवर होती. १८ एप्रिल २०२२ रोजी टॅम्पा येथील न्यायाधीश कॅथरिन मिझेल यांनी ५९ पानी निकालात असे ठरवले की स्वच्छता म्हणजे असलेली घाण काढून टाकणे, मुखपट्टी तर काहीच साफ करीत नाही. शिवाय जनतेची मते न मागवता हुकूम काढला, तोही दोष. हुकूम देशभर रद्दबातल झाला. काही विमानांत ही वार्ता वैमानिकाने उड्डाण चालू असतानाच जाहीर केली. टाळ्या वाजल्या, मुखपट्ट्या उतरल्या, आणि पाच वर्षांखालील मुलांना तेव्हा लस उपलब्ध नसल्याने, इतरांच्या मुखपट्ट्यांच्या भरवशावर तान्हे मूल घेऊन बसलेल्या आईबापांना उतरण्याची सोय नव्हती.

न्यायाधीशांनी केलेला अर्थ मला आखूड वाटतो, कारण रोग येऊच न देणे हेही स्वच्छतेचेच काम आहे. तरीही सैल शब्दांत दिलेली सत्ता कोठवर जाऊ शकते, हे मराठी वाचकाला परके नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे प्लेगच्या काळी पुण्यात घराघरांतून झालेल्या झडत्या आपल्या इतिहासात आहेत. इकडे वर्षाहून अधिक काळ हाताशी असूनही अमेरिकेच्या कायदेमंडळाने मुखपट्टीसाठी स्वतंत्र कायदा केला नाही. उलट मार्च २०२२ मध्ये सिनेटने ५७ विरुद्ध ४० मतांनी ती सक्ती उठवण्याचा ठराव केला, जो पुढे सरकला नाही.

सरकारने अपील केले, परंतु ते निकाली निघण्यापूर्वीच मे २०२३ मध्ये साथीसाठी जाहीर केलेल्या आणीबाणीची मुदत संपली. जूनमध्ये वरिष्ठ न्यायालयाने वाद निरर्थक झाला म्हणून टॅम्पाचा निकालही पुसून टाकला. परिणामी १९४४ च्या त्या कलमाने मुखपट्टी सक्तीची करता येते की नाही, याचा अंतिम निवाडा झालेलाच नाही.