पिल्लाला विटाळ होत नाही

उन्हाळा लागला की चिमण्यांची लगबग सुरू होते. कौलांच्या फटीत, विजेच्या मीटरवर, आणि आपल्या घरांत तर हमखास बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीमागे. तसबीर खिळ्यावर जराशी पुढे झुकलेली असते, मागे चार बोटे जागा राहते आणि चिमणीला तेवढी पुरते. वाळले गवत, सुतळीचे धागे, कापूस, कोंबडीची पिसे, मिळेल ते आणून ती घरटे भरते. चिमणाही बरोबरीने राबतो. ३ ते ५ अंडी, सुमारे १२ दिवस उबवण, आणि त्यानंतर साधारण १५ दिवसांत पिल्ले उडून जातात. महिना-सव्वा महिन्यात सारा संसार आटोपतो.

या दिवसांत एखादे पिल्लू खाली पडतेच. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसती चोच उघडून पडलेले. घरातली मुले धावतात आणि कोणी वडीलधारे माणूस ओरडते, "हात लावू नका रे! माणसाने शिवलेली चिमणी बाकीच्या चिमण्या परत घेत नाहीत, टोचून मारतात." मुले हात मागे घेतात. पिल्लू फरशीवर तसेच पडून राहते. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागतात, नाहीतर मांजर नेते.

शिवणे, बाटणे, वाळीत टाकणे. हे शब्द कुठून आले हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. माणसांनी माणसांसाठी रचलेली शिवाशिव कोणीतरी चिमणीच्याही गळ्यात बांधली, आणि ती आपल्याही घरांत आजीकडून नातवाकडे चालत आली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या तळ्यावर पशुपक्ष्यांना बंदी नव्हती. बंदी होती ती आपल्या माणसांना. पाखरांच्या जगात विटाळ नव्हताच. योगायोग असा की २०१० पासून जागतिक चिमणी दिवस पाळला जातो तोही २० मार्चलाच, आणि त्यासाठी पुढाकार घेतला तो आपल्या नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने.

मग खरे काय? पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक घरट्यातील पिल्ले हातात घेतात, त्यांचे वजन करतात, पायात हलके वळे घालतात आणि पुन्हा घरट्यात ठेवतात. जगभर हे काम वर्षानुवर्षे चालू आहे. आई-बाप थोड्याच वेळात चोचीत किडा घेऊन हजर होतात. माणसाचा हात लागला म्हणून चिमणी पोटचे पिल्लू टाकत नाही. पडलेले पिल्लू पुष्कळदा आधीच अशक्त किंवा जखमी असते. ते दगावते आणि दोष मात्र शिवल्याचा मानला जातो. हां, एक गोष्ट खरी आहे. अंडी उबवत असताना कोणी वारंवार डोकावले, घरटे हलवले, तर पक्षी घाबरून ते सोडून जाऊ शकतात. हा परिणाम त्रासाचा आहे, स्पर्शाचा नव्हे.

तेव्हा उघडे-बोडके पिल्लू दिसले तर हलक्या हाताने उचलावे आणि घरट्यात ठेवावे. घरटेच पडले असेल तर लहान टोपली किंवा नारळाची करवंटी घ्यावी, तळाला दोन भोके पाडावीत, वाळले गवत घालावे आणि ती जुन्या जागेजवळ उंचावर बांधावी. नंतर दूर बसून तास-दोन तास पाहावे. आई बहुधा येतेच. पिल्लाच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पिल्लू गुदमरते. दूध, दूधभात हा आपल्या मायेचा खाऊ असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही. चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी पिल्लांना प्रामुख्याने अळ्या आणि किडेच भरवते. परसातल्या भाजीवर विषारी औषध फवारले की आधी तिच्या पिल्लांचे जेवण जाते.

पिसे आलेले, आखूड शेपटीचे पिल्लू अंगणात टुणटुण उड्या मारताना दिसले तर त्याला अनाथ समजून घरात आणू नका. ते उडायला शिकत असते आणि आई जवळच्या तारेवरून पाहत असते. मांजर असेल तर पिल्लाला झुडपात ठेवावे, एवढेच.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या बालपणीचा प्रसंग दिला आहे. देवदत्ताच्या बाणाने पडलेला पक्षी सिद्धार्थाने उचलला, बाण काढला आणि उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला. त्याने आधी उचलले, विचारपूस नंतर झाली. विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाची हकीकत येते. पाखरेसुद्धा पावसाळ्यात झाडाच्या शेंड्यावर घरटे करून एका जागी राहतात, मग हे श्रमण हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवीत का फिरतात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून भगवंतांनी भिक्खूंना वर्षावास घालून दिला. आज विहारांत तीन महिने जो वर्षावास आपण पाळतो, त्याच्या मुळाशी पाखराच्या घरट्याचा दाखला आहे. नागपूरच्या २२ प्रतिज्ञांतील तेरावी प्राणिमात्रांवरील दयेची आहे, हे वेगळे सांगायला नको.

चिमणीचे एक झाले. पिंगळ्याचे हाल तर विचारू नका. हे लहानसे घुबड जुन्या भिंतीच्या भगदाडात पिल्ले काढते. त्याचे ओरडणे अशुभ मानून लोक ते भोकच विटांनी बुजवतात, कधी आत पिल्ले असताना. वास्तविक पिंगळा किडे आणि उंदीर खातो. हे कृत्य निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानपक्ष्यांची अंडी फोडणे किंवा घरट्यांना उपद्रव देणे शिकारीतच मोडते.

आता स्लॅबच्या घरांत फटी उरल्या नाहीत, तेव्हा चिमणीला जागा आपणच करून द्यायला हवी. लाकडी खोके घ्यावे, दर्शनी बाजूला सव्वा इंचाचे भोक ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. दुपारचे ऊन आणि मांजर यांपासून ते दूर, दोन पुरुष उंचीवर टांगावे. घरात घरटे असेल तर तेवढे दिवस त्या खोलीतला छताचा पंखा बंद ठेवावा, टेबलपंखा लावावा. आणि पिल्ले उडाल्यावर तसबिरीमागचे गवत लगेच झाडून टाकू नये. त्याच हंगामात चिमणी बहुधा तिथेच पुन्हा अंडी घालते.