न दुखणारी गांठ

वेदना ही शरीराची पहारेकरीण होय, असें आपण मानतों. स्तनाच्या कर्करोगांत मात्र ही पहारेकरीण आरंभीं बहुधा झोंपलेली असते. गांठ दुखत नाहीं, म्हणून स्त्री ती मनांतच ठेवते. आणि तेवढ्या अवधींत रोग पुढें सरकतो.

हा रोग होतो कसा? स्तनांत दूध तयार करणाऱ्या ग्रंथि व तें वाहून नेणाऱ्या बारीक नलिका असतात. त्यांच्या अस्तरांतील एखाद्या पेशीच्या जनुकांत एकामागून एक बिघाड सांचत गेले, म्हणजे ती वाढीची शिस्त मोडते व तिची प्रजा बेसुमार वाढूं लागते. प्रथम ही प्रजा नलिकेंतच कोंडलेली असते. पुढें ती भिंत भेदून भोंवतालच्या भागांत शिरते, आणि तेथून काखेंतील रसग्रंथि, हाडें, फुप्फुसें व यकृत येथपर्यंत पोहोंचूं शकते. या प्रवासास पुष्कळदां कित्येक वर्षें लागतात. शोध घेण्याची संधि ती हीच.

लक्षणें दिसण्यापूर्वींच केलेली तपासणी म्हणजे चाळणी-तपासणी. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचें क्ष-किरण चित्र, हातास न लागणारी गांठही दाखवूं शकते. परंतु तरुणपणीं स्तनांची घडण दाट असल्यानें चित्र तितकें स्पष्ट येत नाहीं. शिवाय यंत्र खर्चाचें. मग शिकविलेला हात पुरेल काय?

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रानें १९९८ सालीं ३५ ते ६४ वर्षें वयाच्या सुमारें दीड लक्ष स्त्रियांवर हाच प्रश्न पारखावयास घेतला. त्यांपैकीं जवळजवळ निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं, एकंदर चार वेळां, हातानें केली. २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेंत सांपडला. पन्नाशी गांठलेल्या स्त्रियांत त्यामुळें होणारे मृत्यु जवळजवळ ३० टक्क्यांनीं घटले. पन्नाशीच्या आंत मात्र मृत्यूंत तशी घट आढळली नाहीं.

तपासणी म्हणजे निदान नव्हे. बहुतेक गांठी कर्करोगाच्या नसतात; खरें काय तें गांठीचा सूक्ष्म तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूनच ठरतें. म्हणून गांठ, त्वचेवरील खळी, नव्यानें आंत ओढलें गेलेलें स्तनाग्र किंवा त्यांतून येणारें रक्त, यांपैकीं कांहींही आढळल्यास भिऊं नये. पण दुखण्याची वाटही पाहूं नये. डॉक्टरांकडे जावें. आणि घरांतील पुरुषांनीं, ही बायकांची गोष्ट म्हणून तोंड न फिरवितां, सोबत जावें.