दम धरून जगभर फिरलेला खेळ

ऑक्टोबर 2016. अहमदाबादेत कबड्डीचा विश्वचषक रंगला होता. मॅटच्या एका बाजूला इराण. आशियात भारताच्या तोंडाला फेस आणणारा एकच संघ कोणता, असं विचारलं तर कुणीही ज्याचं नाव घेईल तो. दुसऱ्या बाजूला पोलंड! होय, बर्फ पडतो तो युरोपातला पोलंड. कर्णधार मिहाऊ श्पिच्को. निकाल काय लागला असेल? पोलंड 41, इराण 25. आणि हाच इराण पुढे त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारतासमोर उभा राहिला, म्हणजे पोलंडने कुणा लिंबूटिंबूला हरवलं नव्हतं.

आपल्या गावच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारून खेळला जाणारा हा खेळ पोलंडच्या पोरांच्या अंगात भिनला कसा? या गोष्टीतलं एक मोठं ठाणं आपल्या अगदी शेजारी आहे. पांढुर्ण्याहून संत्र्याच्या बागा बघत वरूड, मग मोर्शी, आणि पुढे अमरावती.

तिथे 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी एक आखाडा काढला. नाव अर्थातच हनुमानाचं. जामसावळीच्या निजलेल्या मारुतीपुढे हात जोडणाऱ्या सौंसरकरांना ते वेगळं समजावून सांगायला नको. जिथे तालीम तिथे मारुती. त्या आखाड्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. 'प्रसारक' हे बिरुद या मंडळाने किती मनावर घेतलं, ते आता बघा.

1936. बर्लिन ऑलिंपिक. जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली ते हेच ऑलिंपिक. ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला 8-1 असं धुतलं तेही इथेच. या दोन गोष्टी शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण त्याच शहरात, त्याच उन्हाळ्यात अमरावतीच्या मंडळाचं एक पथक बोटीने समुद्र ओलांडून पोचलं होतं, हे किती जणांना माहीत आहे? स्पर्धेसाठी नव्हे, प्रात्यक्षिकासाठी. जमलेल्या परदेशी प्रेक्षकांपुढे त्यांनी मल्लखांब केला, खो-खो खेळून दाखवला, आणि कबड्डीही! इंग्रजांचं राज्य असताना वऱ्हाडातली पोरं युरोपच्या मध्यावर दम घुमवत चढाया करत होती. मला तर हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आता क्षणभर त्या जर्मन प्रेक्षकाच्या जागी बसा. त्याला काय दिसलं असेल? चेंडू नाही. बॅट नाही, जाळी नाही, गोलपोस्ट नाही. पायात बूट असलाच पाहिजे असंही नाही. सात विरुद्ध सात, मध्ये एक रेषा. एक जण पलीकडे जातो आणि तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटतो. का पुटपुटतो?

कारण तेच घड्याळ आहे! आज चढाईला 30 सेकंद मोजतात. पण मुळात वेळ मोजायचं काम फुप्फुसाकडे होतं. 'कबड्डी कबड्डी' तुटलं की दम गेला, आणि दम गेला की चढाई संपली. पंचांच्या हातात काही नसलं तरी चालायचं, कान शाबूत असले की झालं. कन्हानच्या डोहात बुडी मारून तळाची माती मुठीत घेऊन वर यायची पैज तुम्ही कधी लावली असेल, तर चढाई म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. फरक इतकाच की इथे तळाशी सात जण तुमचे पाय धरायला टपलेले असतात.

आणि शरीरातली गंमत पाहा. छाती फुटेल असं वाटून श्वास घ्यायची जी तडफड होते, ती प्राणवायू संपल्यामुळे नसते. मुख्यतः रक्तात साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. चढाईपटू उड्या मारतो, झेप घेतो, हिसडे देतो. स्नायू जितके राबतील तितका हा वायू जास्त तयार होतो. म्हणजे जितकं धाडस करावं तितकी घंटा लवकर वाजणार! तरीही डोकं थंड ठेवून बोनस रेषा, कोपऱ्यातला खेळाडू आणि परतीची वाट, असा तिहेरी हिशेब करायचा. असा खेळ दुसरा कुठला आहे?

त्याहून मला भुरळ पडते ती खेळाच्या गणिताची. जुन्या काळी याचे तीन प्रकार होते. अमरमध्ये बाद झालेला खेळाडू मैदानावरच राहायचा, फक्त गुण मोजायचे. गामिनीत बाद झाला की अख्खा संघ बाद होईपर्यंत बाहेर. आणि संजीवनीत तुम्ही समोरच्याचा एक गडी मारला की तुमचा एक गडी जिवंत होतो. जगाने उचलली ती संजीवनीच, आणि का ते उघड आहे. एका स्पर्शाने त्यांचा एक कमी, आपला एक जास्त आणि वर गुण. फुटबॉलमध्ये गोल खाल्ला तरी अकरा जण अकराच राहतात. इथे गुणफलक आणि सैन्य एकत्रच हलतात. मग एकदा माघारलेला संघ कायमचाच बुडायचा नाही का? नाही! समोर सहापेक्षा कमी गडी असतील तर चढाईपटूला बोनस मिळत नाही. बचावाला तीन किंवा त्याहून कमी उरले असतील आणि त्यांनी पकड केली, तर आताच्या नियमांत त्यांना एक गुण जादा. आणि अख्खा संघ बाद होऊन लोण बसला की दोन गुण जातात खरे, पण सातही जण पुन्हा आत येतात! बुडणाऱ्यासाठी खेळाने स्वतःच दोर सोडून ठेवलेत.

पण मुळात नियमच कागदावर आले नसते, तर खेळ गावकुसाबाहेर पडलाच नसता. महाराष्ट्रात हुतूतू, तमिळनाडूत चेडुगुडु, बंगालात हा-डू-डू. गाव बदललं की भांडण ठरलेलंच. 1918 च्या सुमारास महाराष्ट्रात नियम बांधायला सुरुवात झाली, 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने ते छापले आणि त्याच साली बडोद्यात अखिल भारतीय स्पर्धा झाली. बर्लिनला गेला तो असा नियमांत बांधलेला खेळ होता. एरवी परक्यांना तो नुसती झोंबाझोंबी वाटला असता. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. मग शंकरराव साळवी, सगळ्यांचे बुवा, यांनी आयुष्य वेचलं. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रात्यक्षिक, 1990 च्या बीजिंग एशियाडमध्ये थेट पदकाचा खेळ, आणि पहिलं सुवर्ण भारताचं. बुवांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. या माणसाची ओळख आपल्या शाळांतून याहून कितीतरी जास्त व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

पुढे 2014 मध्ये प्रो कबड्डी आली, मॅटवर दिव्यांचा झगमगाट आला, घराघरांत टीव्हीसमोर आज्या ओरडू लागल्या. 2024 च्या मार्चमध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं नमवून करंडक उचलला.

पण खेळ जगाचा झाला हे खरं कधी कळतं? शिकवणारा हरतो तेव्हा. 2018, जकार्ता एशियाड. भारताच्या पुरुषांना इराणने उपांत्य फेरीतच 27-18 असं घरी पाठवलं. महिलांच्या अंतिम सामन्यात पुन्हा इराण, 27-24. आणि त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन! आपल्याच मातीतली बाई, परक्या देशाच्या पोरींना घडवून थेट भारतालाच सुवर्णापासून रोखते. यात वाईट वाटून घेण्यासारखं मला काहीच दिसत नाही. बर्लिनला बोटीने जाणाऱ्या त्या पथकाला नेमकं हेच तर हवं असणार.

2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये भारताने दोन्ही सुवर्णं परत मिळवली. महिलांचा अंतिम सामना 26-25 असा, एकाच गुणाने सुटला. समोर या वेळी इराण नव्हता, तैवान होता.