इवल्याशा कुत्र्यांना थंडीत जपा

खेळण्याएवढी कुत्री दिसायला गोंडस, पण थंडी त्यांना चटकन गाठते. त्यांना ऊब कशी द्यावी? आणि ऊब देण्याच्या नादात कोणत्या गोष्टी चुकूनही करू नयेत?

थंडीची चाहूल लागली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. स्वेटर, शाली, कानटोप्या बाहेर निघतात, गोधड्यांना ऊन दाखवले जाते. आजीसाठी पायमोजे, बाळासाठी झबले-टोपरे, सर्वांची सोय होते. पण आपल्या पायात घुटमळणाऱ्या अडीच किलो वजनाच्या जिवाचे काय? त्याच्या अंगावर स्वेटर दिसला की शेजारीपाजारी हसतात. ‘‘कुत्र्याला कसली आली आहे थंडी? अंगावर केस आहेत की!’’ असे म्हणतात.

हिमालयात मेंढ्या राखणाऱ्या धिप्पाड, झुबकेदार केसांच्या कुत्र्याबाबत हे म्हणणे खरे आहे. पण चिवावा, मिनिएचर पिंशर, टॉय पूडल किंवा छोट्या चणीचा पामेरियन यांच्याबाबत ते साफ चुकीचे आहे. चिवावा ही जात तर मेक्सिकोतली. त्या देशातल्या याच नावाच्या राज्यावरून तिला हे नाव मिळाले. तिचे वजन जेमतेम पावणेतीन किलोपर्यंत भरते, अंगावर केस आखूड आणि कातडीखाली चरबी नावालाच. अशा जिवाला दिल्ली-ग्वाल्हेरची जानेवारीतली रात्र किंवा निफाडची पहाट कशी सोसवेल?

वाटी आणि पातेले

पातेल्यातली आमटी बराच वेळ गरम राहते, पण तीच वाटीत घेतली की बघता बघता निवते. लहान कुत्र्याचे तसेच आहे. वीस किलोच्या कुत्र्यापेक्षा दोन किलोच्या कुत्र्याचे वजन दहा पटींनी कमी असते, पण त्याच्या कातडीचे क्षेत्रफळ मात्र सुमारे साडेचार पटींनीच कमी असते. म्हणजे वजनाच्या दर किलोमागे त्याची दुप्पट कातडी हवेला उघडी असते. उष्णता बाहेर पडते ती या कातडीतूनच. ती भरून काढण्यासाठी लहान कुत्र्याच्या शरीराला सतत इंधन जाळावे लागते आणि त्याच्या एवढ्याशा देहात इंधनाचा साठा असतोच किती?

म्हणूनच थंडी आणि रिकामे पोट या दोन गोष्टी एकत्र आल्या की लहान कुत्रे, विशेषतः तीन-चार महिन्यांच्या आतले पिल्लू, एका रात्रीत गंभीर आजारी पडू शकते.

थंडी वाजते हे कसे ओळखाल?

निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त. त्यामुळे कुत्र्याचे अंग हाताला नेहमीच कोमट लागते. ते गार लागू लागले तर सावध व्हावे. अंगाचे मुटकुळे करून बसणे, शेपटी पोटाशी घेणे, फरशीवर एकेक पाय आळीपाळीने उचलणे, कान व पंजे गार पडणे, थरथरणे ही साधी लक्षणे आहेत. भीतीने किंवा आनंदानेही लहान कुत्री थरथरतात, पण ते थरथरणे थोड्या वेळात थांबते.

गारठलेल्या कुत्र्याची थरथर थांबली, पण ते सुस्त पडले, हाक मारल्यावर मान उचलेना, तर ‘आता बरे वाटते आहे’ असे समजू नये. शरीराची थंडीशी लढण्याची ताकद संपत आल्याचे ते चिन्ह असते. गुदद्वारातून घेतलेले तापमान ९९ अंशांखाली असेल तर त्याला कोरड्या, उबदार कपड्यात गुंडाळून ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे.

अंथरूण कसे असावे?

आपल्याकडची घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. संगमरवर, मोझेक किंवा टाइल्सची फरशी डिसेंबरात बर्फासारखी होते. लहान कुत्र्याचे पोट तर जमिनीपासून चार बोटांवर. म्हणून पहिली गरज आहे ती जमिनीपासून उंच अंथरुणाची. त्यासाठी महागडा पलंग नको. लाकडी पाटावर किंवा जुन्या सुटकेसच्या झाकणात गोणपाटाची घडी घालावी, त्यावर जुनी गोधडी किंवा चादर अंथरावी. कडा थोड्या उंच असल्या की वारा लागत नाही. दाराची फट, खिडकी आणि न्हाणीघर यांपासून ही जागा दूर असावी. वर एक मऊ पांघरूण सैलसर ठेवावे. कुत्री आपणहून त्यात शिरतात आणि उकडले की बाहेर येतात. अंथरूण दर दोन-तीन दिवसांनी उन्हात टाकावे. ओलसर गोधडी नसलेली बरी.

पिल्लाला आपल्या रजईत घेऊन झोपण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. झोपेत अंगाखाली पिल्लू चिरडण्याचा धोका असतोच, शिवाय पलंगावरून उडी मारताना या कुत्र्यांचे काडीसारखे पुढचे पाय सहज मोडतात.

बाहीचा स्वेटर

लहान कुत्र्याचा स्वेटर घरच्या घरी होतो. मुलाच्या जुन्या स्वेटरची बाही कापून घ्या. मनगटाकडची बाजू गळ्याला, रुंद बाजू पाठीकडे. गळ्यापासून चार बोटे सोडून पुढच्या पायांसाठी दोन भोके पाडा आणि कडा लोकरीने शिवून टाका. विणायचाच असेल तर तीन मापे घ्या. गळ्याचा घेर, छातीचा सर्वांत मोठा घेर आणि मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. गळा आणि पोटाशी दोन सुलट, दोन उलट अशी ताणली जाणारी वीण घातली की स्वेटर अंगाला बसतो, पण आवळत नाही. नर कुत्र्यासाठी पोटाकडची बाजू आखूड ठेवावी, नाहीतर लघवीने ती भिजते.

बटणे, टिकल्या, गोंडे लावू नयेत, ते कुत्र्याच्या पोटात जातात. काखेत काचते का हे रोज पाहावे. उन्हाच्या वेळी स्वेटर काढून केस विंचरावेत, नाहीतर गुंता होऊन कातडीला खाज सुटते. पामेरियनसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला घरात स्वेटरची सहसा गरज नसते. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफीमुळे घराघरांत पोहोचलेली पांढरीशुभ्र कुत्री आपण पामेरियन म्हणूनच ओळखतो. खरे तर ती इंडियन स्पिट्झ जातीची आणि चणीने थोडी मोठी. या दोन्ही जातींना केसांचे दोन थर असतात. थंडीत ते मुळापासून कापून टाकणे म्हणजे त्यांची रजईच काढून घेणे होय.

ऊब की अपाय?

थंडीत कुत्र्यांना होणारे काही अपाय थंडीने नव्हे, तर आपण प्रेमाने केलेल्या उपायांनी होतात. पुढील गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

डांबरगोळ्या : ट्रंकेतून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांत डांबरगोळी राहून जाते आणि ती घरंगळत कुत्र्यापुढे येते. लहान कुत्र्याला एक गोळीदेखील घातक ठरू शकते. देवघरातला कापूरही तसाच विषारी. कुत्र्यासाठी जुनी शाल वापरणार असाल तर आधी धुऊन उन्हात वाळवा.

बाम आणि निलगिरी तेल : सर्दी झाली म्हणून कुत्र्याच्या छातीला बाम चोळू नये. तो चाटून अंग साफ करतो आणि त्यातले कापूर, निलगिरी सरळ पोटात जातात.

माणसांच्या गोळ्या : ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची गोळी ६० किलोच्या माणसाला दर किलोमागे सुमारे ८ मिलिग्रॅम पडते, तर दोन किलोच्या कुत्र्याला २५० मिलिग्रॅम. एवढ्या मात्रेने यकृत व रक्तपेशींची हानी होते. आयब्रुफेनने जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अर्धी-पाव गोळी करूनही देऊ नका.

शेगडी आणि हीटर : बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे माणसांइतकेच कुत्र्यांच्याही जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइड या वायूला ना रंग, ना वास. विजेचा हीटर असेल तर कुत्र्याला त्यापासून निदान दोन-तीन हात दूर ठेवा आणि वायर चावता येणार नाही अशी बांधा. गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळा आणि अंथरुणाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे चटका लागू लागला तर कुत्र्याला सरकता येईल.

खाणेपिणे

पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे आणि शेवटचे खाणे झोपण्यापूर्वी असावे. मोठ्या झालेल्या कुत्र्यालाही एकदाच पोटभर देण्यापेक्षा दोन-तीन वेळा देणे चांगले. अन्न कोमट असावे. भातात उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली कोंबडी कालवून देता येते, पण फोडणीचे नको. कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्तपेशींचा नाश करतात. अनेक कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, तेव्हा ‘थंडीत गरम दूध’ हा नेम त्यांना लावू नये.

हिवाळा हा आपल्या पौष्टिक लाडवांचा आणि नाशिकच्या द्राक्षांचाही हंगाम. द्राक्षे, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, म्हणून बेदाणे घातलेला लाडू ‘एक घास देऊ या’ म्हणून कधीही देऊ नये. नाताळातला केक, चॉकलेट आणि ‘शुगर फ्री’ गोड पदार्थांतले झायलिटॉल हेही विषच. आणि लाडाने वजन किती वाढते याचा हिशेब करा. अडीच किलोच्या कुत्र्याचे वजन अर्धा किलोने वाढणे म्हणजे ६० किलोच्या माणसाचे १२ किलोंनी वाढणे. थंडीत कुत्री पाणी कमी पितात, म्हणून पाणी कोमट करून ठेवावे.

पिल्लू अचानक लडखडू लागले, डोळे शून्यात लागले, अंगाला झटके आले तर रक्तातली साखर घटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी ग्लुकोज पावडरची दाट पेस्ट किंवा थोडा मध बोटाने हिरड्यांना चोळावा आणि पिल्लाला उबेत घेऊन लगेच पशुवैद्याकडे निघावे. शुद्ध नसताना तोंडात पाणी किंवा दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाते.

फिरणे आणि अंघोळ

थंडी आहे म्हणून फिरणे बंद करू नका. वेळ बदला. ऊन वर आल्यावर आणि संध्याकाळी अंधारापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. दवाने भिजलेल्या गवतातून आल्यावर पोट आणि पंजे पुसावेत. या जातींची श्वासनलिका नाजूक असते, गळ्यातला पट्टा ओढला की बदकासारखा खोकला येतो. म्हणून छातीला बसणारा पट्टा वापरावा. शेकोटीचा धूर आणि उत्तर भारतातले दाट धुरके यांतही त्यांना नेऊ नये.

अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा, भर दुपारी, कोमट पाण्याने आणि कुत्र्यांच्याच शांपूने घालावी. मग मुळापर्यंत केस कोरडे करावेत. वरून कोरडे पण आत ओले असे केस म्हणजे अंगावर ओला टॉवेल बांधून बसण्यासारखेच.

डिसेंबरातली बाळंतीण

कुत्री थंडीत व्याली तर जास्तच काळजी हवी. नवजात पिल्लांना पहिले काही दिवस थरथरून ऊब निर्माण करता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांच्या पेटीत २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान राहायला हवे. गारठलेल्या पिल्लाला घाईने दूध पाजू नये, त्याचे आतडे काम करत नसते. आधी हळूहळू ऊब द्यावी, मग दूध.

‘टी-कप’चा मोह

कपात मावेल असे पिल्लू म्हणून अव्वाच्या सव्वा किमतीला कुत्री विकली जातात. ‘टी-कप’ ही कुठलीही वेगळी जात नाही, विक्रेत्यांनी दिलेले ते नाव आहे. पुष्कळदा ते पिल्लू अशक्त असते किंवा आईपासून फार लवकर तोडलेले असते. २०१७च्या कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयक नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. म्हणून पिल्लू घेताना त्याचे वय, लसीची नोंद आणि जमल्यास त्याची आई पाहून घ्या. नाकाडोळ्यांतून स्राव, ताप, खोकला ही डिस्टेंपरची सुरुवात असू शकते आणि त्यातून वाचणे कठीण. सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लसी पूर्ण करून घेणे हाच त्यावरचा उपाय. रेबीजची लसही पशुवैद्याने सांगितलेल्या वेळी द्यावीच.

एवढ्याशा कुत्र्याला फार काही लागत नाही. कोरडे अंथरूण, वेळेवर घास, थोडे ऊन आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याच्या कानांना एकदा लावलेला हात. रात्री उघडा असणाऱ्या पशुवैद्याचा फोन नंबर मात्र आजच लिहून ठेवा. शेजारी हसले तर हसू द्या. थंडी वाजते हे कुत्र्याला बोलून सांगता येत नाही, ते आपणच ओळखायचे असते.