आधी मीटिंग, मग रंग

कॉलेजच्या वाटेवरची एखादी भिंत आठवा. क्लासेसच्या जाहिराती, कुणातरी 'भाऊं'ना वाढदिवसाच्या शुभेच्छा, 'येथे लघवी करू नये', आणि अलीकडे या सगळ्यावर पांढरा हात मारून काढलेलं स्वच्छतेचा संदेश देणारं एक रंगीत चित्र. आता सांगा, ते चित्र काढण्याआधी कुणी समोरच्या चहावाल्याला काही विचारलं असेल का? कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना? रोज तिथून जाणाऱ्या तुम्हाला?

'भिंत रंगवायची तर विचारायचं काय त्यात?' असं वाटू शकतं. पण अमेरिकेतलं एक शहर चार दशकं हेच विचारत भिंती रंगवतंय. शहराचं नाव फिलाडेल्फिया. तिथल्या 'म्युरल आर्ट्स' या कार्यक्रमातून आतापर्यंत चार हजारांच्या आसपास भित्तिचित्रं झाली आहेत. आकडा भारी आहेच. पण खरी गोष्ट आहे ती रंगाचा डबा उघडण्याआधीची.

कॉर्नब्रेड नावाचा मुलगा

भिंतींवर आपलं नाव लिहीत सुटण्याच्या आजच्या ग्राफिटीचा उगम अनेक जण न्यूयॉर्कला मानतात. फिलाडेल्फियावाले मात्र ठामपणे सांगतात, सुरुवात आमच्याकडे झाली. १९६०च्या दशकात डॅरिल मॅक्रे हा शाळकरी मुलगा 'कॉर्नब्रेड' या टोपणनावाने भिंती भरवू लागला. कारण? एक मुलगी आवडायची. पुढे त्याची एवढी चर्चा झाली, की तो मेल्याची चुकीची बातमी छापून आली, तेव्हा आपण जिवंत असल्याचं कळवायला त्याने थेट प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीवर रंग फवारला. हा किस्सा आजही सांगितला जातो.

हत्तीचा किस्सा मजेशीर असला तरी शहराची अवस्था तशी नव्हती. फिलाडेल्फिया हे कारखान्यांचं शहर. १९५० मध्ये तिथे वीस लाखांहून जास्त लोक राहत होते. मग कारखाने बंद पडत गेले, माणसं निघून गेली आणि १९९० पर्यंत लोकसंख्या सोळा लाखांच्या खाली आली. तिथली घरं एकमेकांना चिकटून, रांगेत बांधलेली. रांगेतलं एक घर पाडलं की शेजारच्या घराची आख्खी बाजू उघडी पडते. आपल्या पेठांमध्ये जुना वाडा पाडल्यावर शेजारची भिंत जशी कोनाड्यांच्या खुणांसकट उघडी दिसते ना, अगदी तशी. वस्त्यांमध्ये अशा ओक्याबोक्या भिंती वाढत गेल्या, आणि त्यांच्यावर पोरांची नावं.

१९८४ मध्ये महापौर विल्सन गूड यांनी 'अँटी-ग्राफिटी नेटवर्क' सुरू केलं. नावावरून वाटेल, पकडा आणि शिक्षा करा. भिंती घासून साफ करून घेणं त्यात होतंच. पण त्यांनी जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीलाही कामावर घेतलं. ती लॉस एंजेलिसच्या बाजूला भित्तिचित्रं करून आली होती. पोरांनी पुन्हा भिंती खराब न करण्याचं लिहून द्यायचं आणि कार्यक्रमात यायचं, अशी योजना होती. गोल्डन यांना या पोरांमध्ये वेगळंच काही दिसलं. रात्री, घाईत, शिडीशिवाय एवढी मोठी अक्षरं काढणाऱ्यांच्या हातात कसब आहे. मग त्याच हातांना पूर्ण भिंत द्यायला काय हरकत आहे?

१९९६ मध्ये या कामाला 'म्युरल आर्ट्स प्रोग्रॅम' हे स्वतंत्र रूप मिळालं. 'ग्राफिटीविरोधी' ही नावातली पाटी गेली.

चित्र कापडावर, भिंत नंतर

चार मजली भिंत लोकांनी मिळून रंगवायची म्हणजे काय करायचं? आजींना परातीवर चढवायचं? शाळेतल्या मुलांना? त्यावर तिथे एक सॉलिड उपाय रुळला आहे, तो म्हणजे 'पॅराशूट क्लॉथ'. हे पातळ, न विणलेलं सिंथेटिक कापड. चित्रकार आधी पूर्ण चित्राचा आराखडा करतो. त्यावर चौकटी आखून त्याचे साधारण पाच बाय पाच फुटांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यावर रेषा आणि रंगांचे नंबर. लहानपणी 'नंबरप्रमाणे रंग भरा'ची पुस्तकं रंगवली असतील, तर तुम्हीही हे करू शकता.

मग हे तुकडे शहरभर फिरतात. शाळेत, वृद्धाश्रमात, कम्युनिटी हॉलमध्ये, तुरुंगातसुद्धा. ज्याला भिंतीपर्यंत येता येत नाही, त्याच्यापर्यंत भिंत जाते. रंगवलेले तुकडे नंतर अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर वॉलपेपरसारखे चिकटवतात आणि सांधे रंगवून मिटवतात. खालून बघणाऱ्याला कळतही नाही, की त्या आकाशातला निळा तुकडा एखाद्या सातवीतल्या मुलीने रंगवलाय.

पण कापडाआधी येते मीटिंग. वस्तीतले लोक, जागेचा मालक, चित्रकार आणि म्युरल आर्ट्सची माणसं एकत्र बसतात. इथे काय होतं, कोण राहायचं, कशाचा अभिमान आहे, काय बघायला नको वाटतं, यावर बोलणं होतं. चित्रकार स्केच आणतो. लोक नावं ठेवतात. स्केच बदलतं. पुन्हा मीटिंग. गणपती मंडळात यंदाच्या देखाव्यावरून बसणारी बैठक आठवा. तेवढाच गोंधळ आणि तेवढीच हौस.

सुटातला 'डॉ. जे'

याचं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९० चं ज्युलियस अर्व्हिंग यांचं तीन मजली चित्र. अर्व्हिंग म्हणजे बास्केटबॉलमधला 'डॉ. जे', १९८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाला विजेतेपद मिळवून देणाऱ्यांतला मोठा खेळाडू. आपण काढलं असतं तर काय काढलं असतं? हवेत झेप, हातात बॉल. चित्रकार केंट ट्विचेल यांनी त्यांना सुटात, शांत उभं काढलं. खेळ संपल्यावरचा माणूस. खालून शाळेत जाणाऱ्या पोरांना बॉलशिवायही मोठं होता येतं, हे दिसावं असं. याच चित्राने कापडाचं तंत्र फिलाडेल्फियात आणलं.

दुसरं टोक म्हणजे २००९ चं 'लव्ह लेटर'. स्टीफन पॉवर्स हा पश्चिम फिलाडेल्फियात वाढलेला, एकेकाळी ग्राफिटी करणारा कलाकार. तिथली ट्रेन आपल्या मेट्रोसारखी खांबांवरून धावते. त्या मार्गाच्या बाजूच्या पन्नास भिंतींवर त्याने साइनबोर्डच्या ढंगात प्रेमाच्या ओळी रंगवल्या. रस्त्यावरून त्या नीट दिसत नाहीत. खिडकीतून एकामागून एक वाचत जायच्या. म्हणजे हे पत्र कुणासाठी आहे? रोज अप-डाऊन करणाऱ्यांसाठी. तिकीट हाच प्रवेशपास.

एक गुन्हा, दोन चित्रं

आता थोडं अवघड. शहराजवळच्या ग्रेटरफोर्ड तुरुंगात म्युरल आर्ट्सचे चित्रकलेचे वर्ग चालायचे. त्यात जन्मठेप भोगणारेही असत. तिथून एका प्रकल्पाची कल्पना आली. गुन्हा केलेले कैदी आणि गुन्ह्यात आपलं माणूस गमावलेले लोक, दोघांनी मिळून एक भित्तिचित्र करायचं. विषय: जखम भरून येणं.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात एकाच चित्रावर एकमत होईना. कैद्यांना पश्चात्ताप आणि बदल दाखवायचा होता. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्यासाठी गोष्ट तिथून सुरूच होत नव्हती. तुमच्या बदलाच्या चित्रात आमचं दुःख मागचा पडदा का व्हावं?

शेवटी २००४ मध्ये उत्तर फिलाडेल्फियात 'हीलिंग वॉल्स' नावाने दोन चित्रं उभी राहिली. एक कैद्यांच्या प्रवासाचं, एक पीडितांच्या. कापडाचे तुकडे मात्र दोन्ही बाजूंच्या हातांनी रंगवले. या सगळ्या प्रक्रियेवर 'काँक्रीट, स्टील अँड पेंट' हा माहितीपट आहे. मास कॉमवाल्यांनो, मिळाला तर नक्की बघा. 'सगळे गळ्यात गळे घालून रडले' असा शेवट त्यात नाही. एकमत झालं नाही तर ते लपवायचं नाही, दोन भिंती घ्यायच्या. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

तुरुंगातून सुटलेल्या तरुणांसाठी म्युरल आर्ट्स 'द गिल्ड' हा पगारी उमेदवारीचा कार्यक्रमही चालवतं. 'पगारी' हा शब्द महत्त्वाचा. कला माणूस बदलते वगैरे ठीक, पण सुटून आल्यावर आधी हाताला काम लागतं.

जो चेहरा पुसावा लागला

सगळ्यांना विचारून काढलेलं चित्र सगळ्यांचं असतं का? १९९५ मध्ये शहराच्या इटालियन मार्केट भागात फ्रँक रिझो यांचं मोठं भित्तिचित्र झालं. रिझो आधी पोलीस आयुक्त, मग १९७२ ते १९८० महापौर. इटालियन वस्तीतल्या अनेकांसाठी ते 'आपला माणूस'. कृष्णवर्णीय आणि समलिंगी लोकांसाठी मात्र त्यांच्या पोलिसांची दहशत ही आठवण. चित्रावर पुन्हा पुन्हा रंग फेकला गेला आणि पुन्हा पुन्हा दुरुस्ती झाली.

मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि अमेरिका पेटली. जूनच्या सुरुवातीला शहराने रिझो यांचा पुतळा हलवला. म्युरल आर्ट्सनेही या चित्राची देखभाल यापुढे करणार नाही असं जाहीर केलं आणि काही दिवसांत ते रंगाखाली गेलं.

ते पुसलं ते बरोबर की चूक, यावर कँटीनमध्ये तासभर भांडता येईल. पण मुद्दा बघा. चित्र एका गल्लीने मागितलं होतं, बघावं मात्र सगळ्या शहराला लागत होतं. 'कम्युनिटी' म्हणजे नेमकं कोण? भिंतीच्या मागे राहणारे, की भिंतीसमोरून जाणारे? पुतळे, चौकांची नावं आणि फ्लेक्स यांच्या राज्यात राहणाऱ्या आपल्याला हा प्रश्न परका नाही.

चित्रालाही आयुष्य असतं

ऊन, पाऊस, बर्फ यांत भित्तिचित्र साधारण वीस-तीस वर्षं टिकतं. पण फिलाडेल्फियात मोठा धोका पावसाचा नाही, बिल्डरचा आहे. ही चित्रं मोकळ्या प्लॉटच्या बाजूच्या भिंतींवर आहेत. भागाला भाव आला की प्लॉटवर इमारत उठते आणि चित्र झाकलं जातं. यातली गंमत कडू आहे. चित्रांमुळे वस्ती छान दिसू लागते आणि छान दिसणाऱ्या वस्तीत जुन्या लोकांना घरभाडं परवडेनासं होतं.

जॅझचे दिग्गज जॉन कोल्ट्रेन यांचं घर जिथे आहे, त्या स्ट्रॉबेरी मॅन्शन भागात २००२ मध्ये त्यांचं भित्तिचित्र झालं. २०१४ मध्ये ती इमारतच पाडली गेली. लोक हळहळले आणि २०१७ मध्ये त्याच भागात कोल्ट्रेन यांचं नवं चित्र उभं राहिलं. ज्या चित्रासाठी लोक पुन्हा मीटिंगला बसतात, ते त्यांचं झालेलं असतं. दुसरी कसोटी मला तरी सुचत नाही.

आणि आपल्याकडे?

भिंत रंगवणं आपल्याला कुणी शिकवायला नको. वारली घरांमध्ये लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाशिणी मिळून काढतात. तो कुणा एकीच्या सहीचा नसतो. २०१७ मध्ये मुंबईच्या ससून डॉकमध्ये 'स्टार्ट इंडिया'ने कलाप्रकल्प केला, तेव्हा तिथल्याच कोळी माणसांची मोठमोठी पोर्ट्रेट्स भिंतींवर लागली. १८७५ पासून चालू असलेल्या त्या बंदरात नाकाला रुमाल लावून आलेले मुंबईकर पहिल्यांदाच त्या चेहऱ्यांसमोर थांबले.

तरीही आपल्या बहुतेक 'रंगीत' भिंतींची गोष्ट एवढीच असते: स्पर्धा किंवा सर्वेक्षण जवळ आलं, टेंडर निघालं, आठ दिवसांत पूल रंगला. चित्र वाईट असतंच असं नाही. पण वर्षभरात त्यावर पिचकारी पडते, तेव्हा कुणालाच वाईट वाटत नाही. कसं वाटेल? कुणी विचारलंच नव्हतं.

चौकट : तुमच्या एनएसएस युनिटला भिंत रंगवायची असेल तर...

• भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा कायदा आहे. 'चांगलंच चित्र काढत होतो' हे उत्तर चालत नाही.

• पहिला आठवडा ब्रश हातात घेऊ नका. भिंतीसमोर उभं राहा, कोण कधी तिथून जातं ते बघा, बोला.

• स्केच तिथेच लावा, इन्स्टावर नाही. रिक्षा स्टँडवरच्या काकांचं मत तिथेच मिळतं.

• नाराज असेल त्याला आधी गाठा. तो पटला नाही तरी त्याचं म्हणणं कळलेलं बरं.

• भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त. नाहीतर पहिल्याच पावसात पोपडे.

• दोन वर्षांनी तुम्ही पास होऊन गेलेले असाल. तेव्हा टच-अप कोण करणार, हे आजच ठरवा आणि लिहून ठेवा.