बाणाचा वेग आणि बाणाचे वजन

धनुष्याने शिकार करणाऱ्या अमेरिकेतील मंडळींत, आणि अलीकडे त्यांच्या संगतीने या नादास लागलेल्या तेथील काही मराठी तरुणांतही, एक समज वेदवाक्याप्रमाणे प्रचलित आहे : बाण जितका वेगवान तितका मारक, सबब धनुष्य घ्यावे ते अधिक वेगाचे आणि बाण घ्यावा तो हलका. कितीही वेळा खोडून काढला तरी दर हंगामात हा समज पुन्हा टवटवीत होऊन भेटतो.

त्याचे मूळ कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याच्या जाहिरातीतील आकड्यात आहे. 'आय.बी.ओ.' या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या संघटनेच्या नावाने 'आय.बी.ओ. वेग' म्हणून सेकंदाला 320 किंवा 340 फूट असा जो आकडा मोठ्या टाइपात छापतात, तो कारखानदारांच्या वहिवाटीप्रमाणे 70 पौंड ओढीचे धनुष्य, 30 इंच मागे खेचलेली दोरी आणि अवघा 350 ग्रेनचा बाण असे गृहीत धरून काढलेला असतो. ज्याचा हात 28 इंचांवरच थांबतो आणि ज्याला साठ पौंडांतच धाप लागते, त्या इसमाच्या हाती तो वेग कधीच येत नाही. मग तो मिळविण्यासाठी बाण आणखी हलका करण्याची दुर्बुद्धी सुचते. ग्रेन हे माप मराठी वाचकास अगदीच परके नाही : इंग्रजी अमदानीतला तोळा, आणि चांदीचा रुपयाही, 180 ग्रेनचा असे. म्हणजे जाहिरातीतला बाण दोन तोळ्यांहूनही किंचित कमी भरतो.

आता हिशेब पाहू. धनुष्य ओढताना त्यात जी ऊर्जा साठते ती सगळी बाणास मिळत नाही. काही भाग धनुष्याची पाती, चाके आणि दोरी हलविण्यात खर्च होतो. या खर्चाला पॉल क्लॉपस्टेग या पदार्थवैज्ञानिकाने 'आभासी वस्तुमान' मानून हिशेबात घेतले होते. बाण जड केला की वेग घटतो हे खरे, परंतु त्या साठ्यातील अधिक वाटा बाणाच्या पदरात पडतो. समजा, एका धनुष्यातून 350 ग्रेनचा बाण 320 फुटांच्या वेगाने सुटतो आणि त्याच धनुष्यातून 500 ग्रेनचा, म्हणजे पावणेतीन तोळ्यांचा, बाण 275 फुटांच्या वेगाने. पहिल्याची गतिज ऊर्जा सुमारे 80 फूट-पौंड, दुसऱ्याची सुमारे 84. वेग 14 टक्क्यांनी घटला, ऊर्जा थोडी वाढली, आणि संवेग मात्र सुमारे 23 टक्क्यांनी वाढला. शिवाय जो खर्च वाचला तो धनुष्याच्या थरथरीतून आणि आवाजातून वाचला, म्हणजे जड बाणाचे धनुष्य तुलनेने मुके असते.

"पण वेगवान बाण सरळ जातो, अंतराचा अंदाज चुकला तरी चालतो," असा प्रतिवाद ठरलेला. त्यात तथ्य आहे, पण किती? चाळीस यार्ड समजून पंचेचाळीस यार्डांवरील हरणावर वरील दोन बाण सोडले, तर हवेचा अवरोध सोडून देऊन केलेल्या गणिताने हलका बाण नेमापासून सुमारे 4 इंच खाली लागेल आणि जड बाण सुमारे 5 इंच. या इंच-दीड इंचासाठी संवेगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा गमावावा काय, हे ज्याचे त्याने ठरवावे; माझ्या मते अंतर मोजणारे यंत्र गळ्यात अडकवून हिंडणाऱ्याने तरी ही सबब पुढे करू नये.

दुसरा प्रतिवाद याहूनही लाडका : दोरीचा आवाज ऐकून हरीण खाली बसते, तेव्हा बाणाने आवाजास गाठले पाहिजे. आवाज सेकंदाला सुमारे 1,125 फूट धावतो, आणि बाण 300! वीस यार्डांवरील हरणास आवाज सेकंदाच्या विसाव्या भागात पोहोचतो. हलका बाण त्याच्या साडेतीनपट वेळाने पोहोचतो, जड बाण चौपट वेळाने. दोघांतील फरक सेकंदाच्या तीन शतांशांचा. ही शर्यत कोणताही बाण जिंकणार नाही. मूळ आवाजच कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग, आणि तो जड बाणाकडे जातो.

या सर्वांच्या मुळाशी, बाण गोळीसारखा आघाताने मारतो, ही भ्रामक समजूत असते. बाण मारतो तो पात्याने रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे कापून, रक्तस्रावाने. म्हणून पाते धारदार असणे आणि ते आरपार जाणे, या दोनच गोष्टींना किंमत; आणि आरपार जाण्याच्या कामी येतो तो संवेग.

आता उलट टोकाची मंडळी. डॉ. एड ॲशबी यांनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतापासून पुढे केलेल्या बाणपरीक्षणांतून, जाड हाडे भेदण्यासाठी 650 ग्रेन ही किमान मर्यादा सांगितली. ती हाडांसाठी सांगितली, हे विसरून लोक बरगड्यांमधून सहज आरपार जाणाऱ्या साध्या हरणासाठीही साडेतीन तोळ्यांहून जड बाण घेऊन हिंडतात. ॲशबी यांच्याच यादीत वजनाच्या आधी बाणाची मजबुती आणि त्याचे सरळ उडणे येते, हे मात्र सोयीने गाळले जाते.

नुसते टोकाला वजन लावले की काम झाले, हेही खोटे : टोक जड झाले की तीच दांडी उडताना अधिक वाकते, आणि अधिक ताठ दांडी घ्यावी लागते. आणि हलक्या बाणाने धनुष्याचे काही बिघडत नाही, हे तर धोकादायक. बहुतेक कारखाने ओढीच्या प्रत्येक पौंडामागे निदान 5 ग्रेनची अट घालतात, कारण त्याखाली बाण सोडणे आणि धनुष्य मोडू शकणारी रिकामी दोरी सोडणे यांत फारसे अंतर राहत नाही.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस मनाई आहे, तेव्हा हा मजकूर परदेशस्थ वाचकांसाठीच. त्यांना विनंती इतकीच की हंगामापूर्वी आपला बाण पाते, दांडी, पिसे आणि खोबणीसकट ग्रेनच्या काट्यावर तोलावा, आपल्याच हाताने ओढलेल्या आपल्याच धनुष्यातून त्याचा वेग मोजावा, आणि मग राज्याची नियमावली उघडावी. अलास्कात, उदाहरणार्थ, मोठ्या जनावरासाठी 300 ग्रेनखालचा बाण बेकायदा आहे.